भंगारातला पार्ट : कोठे चालतो, कोठे नाही

आपल्या वस्त्यांतून आता घरापुढे मोटार उभी दिसू लागली आहे. ती बहुधा शोरूममधली नसते. दुसऱ्या-तिसऱ्या हातची, पुष्कळदा मारुती ८००, आणि नव्या मोटारसायकलीहून कमी पैशांत घेतलेली असते. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यावे, लेकीला परीक्षेच्या गावी सोडावे, एवढ्यासाठी कोणी पोटाला चिमटा काढून ती घेतलेली असते.

पण गाडी घेणे वेगळे आणि गाडी पोसणे वेगळे. गॅरेजचे पहिलेच मोठे बिल गाडीच्या निम्म्या किमतीला भिडते. मग माणूस घरीच पाना हाती घेतो आणि पार्टसाठी भंगारबाजार गाठतो. यात कमीपणा मुळीच नाही, उलट हिशेबीपणाच आहे. फक्त एका प्रश्नाचे उत्तर आधी पक्के हवे : कोणता पार्ट जुना चालेल आणि कोणता नवाच हवा? हे उत्तर चुकले तर वाचवलेले चार पैसे घरातल्या माणसाच्या जिवावर बेततात.

घरी दुरुस्तीसाठी ८०० सोयीची का, हे आधी पाहू. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या देशात विकल्या गेल्या. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे साधे इंजिन. बॉनेट उघडले की बहुतेक वस्तू डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात. गाड्या इतक्या विकल्या गेल्या म्हणून भंगारातही तिचे पार्ट मुबलक मिळतात.

आधी कागद, मग पाना

गाडीवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी आरसी बुक पाहा. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओची तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० रुपये ठरले. महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. स्वस्त गाडीच्या किमतीत हा आकडा मिळवूनच सौदा करावा.

बाजारात जाताना

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या पार्टसाठी सर्वांना ठाऊक आहे. लहान शहरांतही भंगारवाल्यांची एखादी गल्ली असतेच. तेथे जाताना आपला बिघडलेला पार्ट पिशवीत घालून न्यावा. १९८६ मध्ये ८००चे रूप बदलले आणि २००० च्या सुमारास कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय इंजिन आले. त्यामुळे "मारुतीचाच आहे साहेब, बसेल" यावर विसंबू नये. दोन्ही पार्ट शेजारी ठेवून नटांची भोके आणि वायरीचे सॉकेट जुळवून पाहावे.

पावती मागायला लाजू नये. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या फोडण्यासाठी कुप्रसिद्ध होता. पोलिसी कारवाईनंतर डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद पडला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो. इंजिनाच्या बाबतीत तर विशेष जपावे. नंबर घासलेले इंजिन फुकट मिळाले तरी घरी आणू नये. कागदपत्रे असलेले जुने इंजिन बसवले, तरी आरटीओत त्याची नोंद करून घ्यावी लागते.

जुने काय चालते

नियम सोपा आहे. जो पार्ट डोळ्यांनी तपासता येतो आणि बंद पडला तर गाडी फक्त उभी राहते, तो जुना चालतो. दार, काच, आरसा, बंपर, दिव्याची काच, वायपरची मोटर हे बिनदिक्कत घ्यावे.

सेल्फ घ्यायचा तर दुकानातच बॅटरीला जोडून फिरवून घ्यावा. अल्टरनेटर बसवल्यावर साध्या मल्टिमीटरने तपासावा. इंजिन बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर तो बॅटरी नीट चार्ज करतो आहे. रेडिएटर एक तोंड बंद करून पाण्यात बुडवावा आणि हवा भरावी. बुडबुडे आले की गळती कळते. कार्बोरेटर जुना घेतला तरी आतली गॅस्केट आणि रबरी पडदे यांचे किट नवे टाकावे. किट थोड्या पैशांत येते आणि पेट्रोलची गळती टळते.

नवेच काय हवे

आता उलट बाजू. ज्या पार्टचा दोष बाहेरून दिसत नाही आणि ज्याने दगा दिला तर गाडी थांबतच नाही किंवा वळतच नाही, तो भंगारातून कधीही आणू नये.

ब्रेक पाहा. पायाने पेडल दाबले की तेलाचा दाब मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांकडे जातो. त्या सिलिंडरच्या आत रबरी वायसर असतात. दहा वर्षे भंगारात पडलेल्या सिलिंडरात ते कडक झाले की नाही, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. घाटाच्या उतारावर ते फाटले तर पेडल खाली जाते आणि गाडी पुढे. म्हणून मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज पाइप, पॅड, लायनर आणि ब्रेक ऑइल सारे नवेच घ्यावे.

स्टिअरिंगचे टायरॉड एंड, बॉल जॉइंट आणि सीटबेल्ट यांनाही हेच लागू. टायरवर नक्षी खोल दिसते म्हणून भुलू नये. त्याच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. रबर न वापरताही म्हातारे होते. टायमिंग बेल्टही नवाच घ्यावा, कारण तो तुटला की इंजिन भर रस्त्यात बंद पडते. थोडक्यात, ब्रेक, स्टिअरिंग आणि रबर यांत काटकसर नको.

अंगणातले काम

गाडी साडेसहाशे किलोंच्या आसपास असते. नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नये. विटा तर वापरूच नयेत, त्या भारानं फुटतात. लोखंडी स्टँड लावावे. जी चाके जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग राहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

वायरींना हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बंद खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. पेट्रोलचे काम चुलीपासून, गॅसच्या शेगडीपासून आणि बिडी-सिगारेटपासून दूर करावे.

ब्रेकचे काम पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी असावा. आपल्या वस्तीत रेल्वेच्या परळ-माटुंगा वर्कशॉपात किंवा एसटीच्या आगारात उमर घालवलेले एखादे काका असतातच. त्यांना मानाने बोलवा, चहा पाजा. जे त्यांच्या हातात आहे ते पुस्तकात सापडत नाही. त्यांच्याजवळ घरातल्या मुलालाच नव्हे, मुलीलाही बसवा. पाना धरायला मुलगा-मुलगी हा भेद नसतो, आणि पुढे आयटीआयला जायचे तर ही शिदोरी कामी येते.

आणि हात कोठे थांबवायचा, हेही कळले पाहिजे. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चेसिस. पायाखालचा पत्रा किंवा पुढच्या शॉकॲब्सॉर्बरची बैठक गंजून भुसभुशीत झाली असेल, तर नवा रंग मारून ती गाडी सुरक्षित होत नाही. ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी, दाखला घ्यावा आणि आरटीओतून नोंदणी रद्द करून घ्यावी.

तेव्हा एक वही करा. डाव्या पानावर जुन्या पार्टची यादी, उजव्या पानावर नव्याची, आणि पुढे खर्चाचा आकडा. डाव्या पानावर जे वाचेल ते उजव्या पानावर खर्च करा. त्या गाडीत तुमची माणसे बसणार आहेत.