सेवेत मृत्यू पावलेल्या सैनिकांचे राहिलेले वेतन वारसांना मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा

मार्फत : मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, सातारा

विषय : मयत सैनिकांचे राहिलेले वेतन, रजेचा पगार व फंडाची शिल्लक वारसांना मिळण्यातील महसूल व बँक पातळीवरील अडथळे दूर करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे जिल्ह्यातील माजी सैनिक, सेवेत वारलेल्या जवानांच्या पत्नी आणि आई-वडील आहोत. हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी शासनाने जे केले आहे त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे त्याहून लहान रकमेबद्दल आहे. जवानाने मरेपर्यंत जी नोकरी केली, तिचा पगार त्याच्या घरी वेळेवर यावा, एवढेच ते म्हणणे. अनुदान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, पगार कमावलेला असतो. प्रत्यक्षात अनुदानाचा धनादेश आधी येतो, तोही फोटोसह. पगाराचा हिशेब मात्र कागद मागत राहतो.

जवान वारला की त्याच्या नावावर निघणारे येणे असे : मृत्यूच्या तारखेपर्यंतचे मूळ वेतन, महागाई भत्ता, दरमहा 5,200 रुपयांचा मिलिटरी सर्व्हिस पे, फील्ड भागात असल्यास तिथला भत्ता, साठलेल्या रजेचा जास्तीत जास्त 300 दिवसांचा पगार आणि एएफपीपी फंडात (सैनिकांच्या भविष्य निर्वाह निधीत) त्याने स्वतः भरलेली शिल्लक. विमा, ग्रॅच्युइटी आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांचे कागद वेगळे चालतात. वेतनाचा हिशेब ज्याच्या त्याच्या रेजिमेंटच्या पे अकाउंट्स ऑफिसात होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बेळगावला, तोफखान्याचा नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचा खडकीला, महार रेजिमेंटचा मध्य प्रदेशात सागरला. एकाच गावातल्या चार घरांना चार दिशांना पत्रव्यवहार करावा लागतो. ज्या बाईने तोवर तालुक्याच्या बँकेपलीकडे कुठले कार्यालय पाहिलेले नसते, तिने हे करायचे असते.

कायदा या बाबतीत जवानाच्या बाजूचा आहे. लष्कर अधिनियम, 1950 चे कलम 25 सांगते की, कायद्याने अधिकृत केलेल्या कपातींखेरीज सैनिकाच्या वेतनातून काहीही कापता येत नाही. त्याच वर्षीच्या, सैनिकांच्या खासगी मालमत्तेच्या विल्हेवाटीसंबंधीच्या अधिनियमाने मयत जवानाच्या सामानाची यादी करणे, त्याचे निघणारे वेतन उचलणे आणि देणी भागवून उरलेली रक्कम वारसांकडे जाईल अशी व्यवस्था लावणे हे काम कमांडिंग ऑफिसरकडे दिले आहे. ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम न्यायालयाच्या वारसा प्रमाणपत्राशिवाय देण्याची वाटही त्यात ठेवलेली आहे. म्हणजे पैसे घरी पोहोचवण्याचा भार यंत्रणेवर आहे, विधवेवर नाही. हे आम्ही स्वतः पलटणीत असताना शिकलो आहोत आणि अनेक कमांडिंग ऑफिसरांना ते मनापासून करताना पाहिलेही आहे. गाडी अडते ती बहुधा इकडे, गावात आणि तालुक्यात. म्हणूनच हे निवेदन दिल्लीला न पाठवता आपल्याकडे दिले आहे.

सर्वांत जास्त अडवणूक नावावरून होते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. जवान युनिटला लग्नाची नोंद देतो तेव्हा पार्ट टू ऑर्डरमध्ये (युनिटच्या अधिकृत नोंदीत) कधी माहेरचे नाव चढते, कधी सासरचे. आधार कार्डावर तिसरेच असते, शाळेच्या दाखल्यावर अर्थातच माहेरचे. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर पडते. ‘पवार’ कुणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कुणी ‘व्ही’ने. जवान जिवंत असेतो हा गोंधळ कुणाला खुपत नाही. तो गेल्यावर ‘ही बाई तीच कशावरून?’ असा प्रश्न त्याच्या बायकोला विचारला जातो. मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात, मग प्रतिज्ञापत्र, मग ते प्रतिज्ञापत्र ‘या नमुन्यात चालत नाही’ म्हणून परत. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात 2004 पासूनच माफ आहे. तरीही मुद्रांकाचा कागद आणायला लावलेल्या बायका आमच्यात आहेत. मयत सैनिकाची पत्नी आणि कागदांवरील निरनिराळ्या नावांची स्त्री एकच आहे, असा दाखला गावातील स्थानिक चौकशी करून तहसीलदारांनी सात दिवसांत द्यावा व त्याचा नमुना आपल्या कार्यालयाने रेजिमेंटांच्या रेकॉर्ड ऑफिसांशी पत्रव्यवहार करून एकदाच ठरवून घ्यावा, ही आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी आहे.

दुसरी गोष्ट घरातल्या भांडणाची आहे. ती सरकारी कागदावर लिहिण्यास संकोच वाटतो, पण लिहिल्याशिवाय प्रश्न समजणार नाही. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना भरती होतो आणि नामनिर्देशनात वडिलांचे नाव लिहितो. पुढे लग्न होते, मुले होतात, नामनिर्देशन तसेच राहते. तो गेल्यावर सासऱ्यांना वाटते पैसा आपला, सुनेला वाटते आपला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुले आणि आई या पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. वडील दुसऱ्या वर्गात येतात. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, त्यामुळे मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या पैशांबाबत 1984 साली सांगितले होते (विम्यापुरता कायदा 2015 मध्ये बदलला). गावात हे कुणी सांगत नाही. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीच्या फेरफारासाठी असते, ती पगाराला चालत नाही. दिवाणी न्यायालयातला वारस दाखला 1827 च्या मुंबई विनियमाखाली मिळतो, त्याला वकील आणि तारखा लागतात. तोवर पैसा अडकतो आणि घर फुटते. दोन्ही बाजू अनेकदा आमच्याचकडे येतात. आम्ही म्हातारे सुभेदार-हवालदार काय निवाडा करणार? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने अशा कुटुंबांसाठी मोफत वकील आणि समझोत्याची बैठक आपल्या पुढाकाराने सुरू व्हावी. सुट्टीवर येणाऱ्या जवानांचे नामनिर्देशन तपासून देण्याची सोय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असावी. सुट्टीतल्या जवानाला हे सांगितले की तो हसतो; मरणाचे कागद कोण आनंदाने भरतो? पण सांगायला हवे.

मृत्यू कशामुळे झाला, याची चौकशी म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, हे आणखी एक कारण पुढे केले जाते. मृत्यू सेवेमुळे झाला की नाही यावर कुटुंब निवृत्तिवेतन ठरते : साधे असेल तर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, विशेष असेल तर 60, युद्ध किंवा कारवाईत गेला असेल तर पूर्ण 100 टक्के. त्यासाठी चौकशी हवीच. पण सुट्टीवर येताना अपघातात गेलेला जवान आणि सीमेवर गोळी लागलेला जवान यांचा मृत्यूच्या दिवसापर्यंतचा पगार सारखाच कमावलेला आहे. तो चौकशीच्या निकालाची वाट पाहत का थांबावा? हा फरक समजावणारे पत्र आपल्या सहीने संबंधित कार्यालयांना जावे.

बँकांविषयी थोडक्यात. खात्याला नामनिर्देशन असेल किंवा खाते ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ असे असेल, तर दावा कागदपत्रे मिळाल्यापासून 15 दिवसांत निकाली काढावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तरीही शाखा वारसा प्रमाणपत्र मागतात. शिवाय जवानाच्या पगार खात्याला पुष्कळदा अपघात विमा जोडलेला असतो. त्याची माहिती वारसाला कुणी देत नाही. जिल्हा अग्रणी बँकेच्या पुढील बैठकीत हे दोन्ही विषय घेऊन शाखांना लेखी सूचना द्याव्यात.

2022 पासून भरती झालेल्या अग्निवीरांची परिस्थिती अधिक नाजूक आहे. त्यांना निवृत्तिवेतन नाही. त्यांच्या मासिक वेतनाचे 30 टक्के सेवा निधीत वळते होतात, म्हणजे ती रक्कमही त्यांच्याच कमाईची. बहुतेक जण अविवाहित, त्यामुळे वारस आई. नामनिर्देशन पुष्कळदा वडिलांचे. वर सांगितलेली अडचण इथे जशीच्या तशी उभी राहणार आहे आणि तेव्हा दरमहा येणाऱ्या निवृत्तिवेतनाचा आधारही नसेल. जिल्ह्यातील अग्निवीरांच्या पालकांना हे आधीच समजावून सांगणारी सभा प्रत्येक तालुक्यात घ्यावी.

या जिल्ह्याचे सैन्याशी नाते आपल्याला सांगायला नको. एकट्या मिलिटरी अपशिंगे गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात पडले आणि आजही त्या गावातल्या घराघरांतून भरती होते. अशा जिल्ह्याच्या मुख्यालयात मयत सैनिकाच्या हिशेबाचा पाठपुरावा करणारा एक तरी कर्मचारी नावानिशी नेमलेला असावा. त्याने बेळगाव, नाशिक रोड, खडकी, सागर अशा सर्व ठिकाणी स्वतः पत्रव्यवहार करावा आणि कुटुंबाला महिन्यातून एकदा लेखी कळवावे की, कागद कुठे आहे. फेऱ्या त्याने माराव्यात.

आमच्याकडील प्रलंबित प्रकरणांची यादी, मयत जवानांची नावे, सैनिक क्रमांक व मृत्यूच्या तारखांसह, बंद लखोट्यात स्वतंत्र जोडली आहे. हे निवेदन चारचौघांत वाचले जाणार असल्याने ती नावे येथे घातलेली नाहीत. त्या यादीतील प्रत्येक प्रकरणाची स्थिती आणि वरील मागण्यांवरील निर्णय आम्हांस 30 दिवसांत लेखी कळवावा व त्यापूर्वी महसूल, बँक आणि सैनिक कल्याण अधिकाऱ्यांसह आपल्या दालनात एक बैठक बोलवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील माजी सैनिक, सेवेत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या पत्नी व आई-वडील
(सह्या व अंगठे स्वतंत्र पानावर)

सोबत : प्रलंबित प्रकरणांची यादी, बंद लखोट्यात
प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी : मा. संचालक, सैनिक कल्याण विभाग, पुणे