अल्प मात्रा, पण कोणाच्या शरीरात?

जैतापूरच्या अणुप्रकल्पाची बाजू मांडणारे तज्ज्ञ कोकणच्या जनतेला एक दिलासा सातत्याने देत आले आहेत : अणुभट्टीतून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग इतका अल्प असेल की त्याची चिंता करणे हे अज्ञानाचे लक्षण होय. हा दिलासा विज्ञानाच्या नावाने दिला जातो. म्हणून त्याची परीक्षाही विज्ञानाच्याच कसोटीवर झाली पाहिजे. ती केली म्हणजे दिसते ते असे की, 'अल्प' या शब्दात विज्ञानापेक्षा राजकारणच अधिक भरले आहे.

माडबनचे पठार रत्नागिरी जिल्ह्यात मोडते, परंतु वारा आणि सागरी प्रवाह महसुली हद्द ओळखत नाहीत. पठाराच्या दक्षिणेस विजयदुर्गची खाडी आणि तिच्यापलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ले ही सारी किनारपट्टी बांगडा, तारली आणि सुरमईवर जगते. प्रकल्पग्रस्तांची सरकारी व्याख्या मात्र सातबाऱ्यावर थांबली. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांची ९०० हेक्टरांहून अधिक जमीन संपादित झाली. तिची किंमत ठरली, वाढली, पुन्हा वाढली. रापण ओढणाऱ्याच्या नावावर समुद्राचा सातबारा नसतो, म्हणून त्याची गणना झाली नाही. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडले. त्यानंतर पुढच्याच महिन्यात, १८ एप्रिल रोजी, साखरी नाटे येथे आंदोलकांवर झालेल्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा बळी गेला. आज दीड दशक लोटले तरी प्रकल्पाचा संकल्प सरकारने सोडलेला नाही.

आता या 'अल्प मात्रे'चे विज्ञान काय सांगते ते पाहू. शंभर मिलिसिव्हर्टपर्यंतच्या मात्रेला अल्प म्हणण्याचा शास्त्रीय प्रघात आहे. मानवी शरीरातील बहुसंख्य पेशी काही काळ जगून मरतात. त्यांच्यात बिघाड झाला तर तो त्यांच्याबरोबर नष्ट होतो. परंतु अस्थिमज्जेत, आतड्यात, त्वचेत काही मूलपेशी असतात. डॉक्टर त्यांना स्टेम सेल म्हणतात. रक्ताचा प्रत्येक थेंब त्यांच्याच वंशातून येतो. त्या दीर्घायुषी असतात, बराच काळ विभाजन न होता स्वस्थ राहतात आणि झालेला बिघाड आपल्या सर्व वंशजांना वारसा म्हणून देतात. किरणोत्सर्गाने डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर अशा स्वस्थ पेशी ती तोडमोड बहुधा घाईने, चुका ठेवून जोडतात. विभाजन थांबलेल्या मानवी पेशींना सुमारे एक मिलिग्रे इतकी मात्रा दिली असता त्यांतील तुटी कित्येक दिवस तशाच राहतात, असे २००३ मध्ये प्रयोगशाळेत आढळले. केवळ २० मिलिग्रे मात्रेने उंदरांच्या रक्तजनक मूलपेशींची स्वतःला नव्याने घडविण्याची शक्ती घटते, हे २०१७ मध्ये दाखविले गेले. परीक्षानळीतील पेशी आणि पिंजऱ्यातील उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. म्हणून माणसाकडे वळू.

गर्भवती स्त्रियांच्या पोटाचा एक्स-रे काढल्यास जन्मणाऱ्या बाळांत रक्तकर्करोगाचा धोका वाढतो, हे ब्रिटिश वैद्य ॲलिस स्टुअर्ट यांनी १९५६ मध्ये सांगितले. मात्रा तेव्हाही 'अल्प'च होती. वैद्यकीय जगाने त्यांचे म्हणणे मान्य करण्यास दोन दशके लावली, आणि तोवर एक्स-रे चालूच राहिले. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुकामगारांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये रक्तकर्करोगाचा, आणि २०२३ मध्ये अन्य कर्करोगांच्या मृत्यूंचा संबंध दीर्घकाळ मिळालेल्या अल्प मात्रांशी जोडला गेला. त्याच वर्षी युरोपातील सुमारे दहा लाख मुलांच्या सीटी स्कॅनच्या अभ्यासातूनही रक्ताच्या कर्करोगांबाबत हाच निष्कर्ष निघाला.

समर्थकांचे ठेवणीतले अस्त्र म्हणजे केरळ. तेथील करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटयुक्त वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग पुष्कळ आहे. तरीही सुमारे ७० हजार लोकांच्या अभ्यासात कर्करोग वाढलेला आढळला नाही, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा निष्कर्ष लपविण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. परंतु जोखीम लहान असेल तर ती ७० हजारांत न दिसणे आणि ती नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय केरळात घरोघरी मोजमाप झाले, कर्करोगांची वर्षानुवर्षे नोंद झाली, म्हणून तर काही बोलता आले! केरळचा दाखला देणाऱ्यांनी मग देवगड-मालवणात तशीच मोजणी भट्टी उभारण्याआधी का करू नये? आधीची पाटी कोरी ठेवायची आणि नंतर 'पुरावा कोठे आहे?' असे विचारायचे, ही युक्ती नवी नाही. राजस्थानातील रावतभाटा येथे १९९१ मध्ये सुरेंद्र आणि डॉ. संघमित्रा गाडेकर यांनी स्वतः गावोगाव फिरून पाहणी केली आणि जन्मजात व्यंगांचे अधिक प्रमाण नोंदविले. पाहणी करण्याचे कर्तव्य ज्यांचे होते ते केवळ तिच्यात दोष काढत बसले.

जोखीम कोणाच्या वाट्याला येते, हा यातील वर्गीय प्रश्न आहे. अणुकामगारास वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, सामान्य नागरिकास एकाची. मानवी शरीर दोन प्रकारचे नसते. फरक आहे तो पोटासाठी पत्करलेल्या धोक्याचा. आंतरराष्ट्रीय संस्थांच्याच हिशेबाने एक सिव्हर्टमागे प्राणघातक कर्करोगाची शक्यता सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे कायद्याच्या मर्यादेत राहून दहा वर्षे पूर्ण मात्रा घेणाऱ्या शंभर कामगारांत जवळजवळ एक अधिक मृत्यू. बहुतेकांची मात्रा याहून पुष्कळ कमी राहते, हे मान्य. परंतु दुरुस्तीच्या, सफाईच्या, जास्त मात्रेच्या कामावर बहुधा कंत्राटी मजूर पाठविला जातो, आणि तो पुढे आजारी पडतो तेव्हा कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. कर्नाटकातील कैगा येथे नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्यात ट्रिशियम मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ते पोहोचले. यंत्र निर्दोष असले तरी व्यवस्था माणसेच चालवितात.

आणि कायद्याची दिशा पाहा. १९६२ च्या कायद्याने अणुखात्याला गुप्ततेचे कवच दिले. २०१० च्या दायित्व कायद्यात लोकमताच्या रेट्याने यंत्रपुरवठादार कंपन्यांवर थोडी तरी जबाबदारी आली होती. परदेशी भांडवलाला तीच सलत होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा संमत करून हे दोन्ही कायदे रद्द केले, खासगी भांडवलाला दार उघडले आणि पुरवठादाराची ती जबाबदारी करारात लिहिली असेल तरच उरेल अशी सोय केली. अमेरिकेतही मे २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने, प्रत्येक मात्रेला काही धोका असतोच या तत्त्वाचा फेरविचार करण्यास नियामकांना सांगितले गेले. धोका नाहीच, तर त्याच्या जबाबदारीतून सुटण्याची एवढी धडपड कशासाठी?

बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते यांना ज्या राजापूर मतदारसंघाने संसदेत पाठविले, त्याच भूमीतील कार्यकर्त्यांवर आज दुहेरी जबाबदारी आहे. अणुभट्टीजवळ प्रत्येक मूल अपंग जन्मेल, अशी भाषा सभेत टाळ्या मिळविते आणि चर्चेत पराभव पत्करते. तिचा त्याग केला पाहिजे. सत्य पुरेसे प्रखर आहे. दोन्ही जिल्ह्यांची स्वतंत्र पायाभूत आरोग्य पाहणी, कंत्राटी कामगारांच्या मात्रांची आजन्म व खुली नोंद, मासळीच्या किरणोत्सर्गाचे मच्छीमार सोसायट्यांच्या देखरेखीखाली मापन, आणि पुरवठादारावर संपूर्ण दायित्व : या मागण्या घेऊन प्रत्येक बंदरावर गेले पाहिजे. ज्या सरकारला या मागण्या परवडत नाहीत, त्याला अणुभट्टीही परवडत नाही. मात्रा अल्प आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ती देणाऱ्याचा नाही. ज्याच्या मज्जेत ती मुरणार आहे, त्याचा आहे.