चिकटवलेली रांगोळी

दिवाळी आली की हिंगणघाटच्या बाजारात रांगोळीच्या ढिगांशेजारी आता प्लॅस्टिकचे स्टिकरही दिसतात. स्वस्तिक, कमळ, लक्ष्मीची पावलं, काय हवं ते! मागचा कागद सोलायचा, उंबऱ्यापुढे चिकटवायचं, झाली दिवाळी. चिकटवणाऱ्यांत आमच्या नात्यातलेही आहेत. हे वाचून फोन येईल. येऊ दे.

माझं म्हणणं एवढंच, की त्याला काहीही म्हणा, रांगोळी म्हणू नका. रांगोळी पुसण्यासाठीच असते. वसुबारसेला गोपद्मं, लक्ष्मीपूजनाला कमळ अन् पावलं. दिवस बदलला की अंगण बदलतं. स्टिकर मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच, कोपरे उचकटलेला, वर चपलांचे ठसे. एका घरी तर पावलं दाराबाहेर तोंड करून चिकटवलेली. म्हणजे लक्ष्मी निघाली की हो!

"वेळ कुठे आहे?" हे ठरलेलं उत्तर. अहो, आपला भाग कापसाचा. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू असते. पहाटे सडा टाकून, चार रेघा ओढून वेचणीला जाणाऱ्या बायका मी आयुष्यभर पाहिल्या. त्यांना कुठून मिळत होता वेळ? पाच ठिपक्यांची काढा ना. पंधरा ते आठचीच हवी असं कोण म्हणतंय?

ठिपक्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते (शाळा सुटली, सवय नाही सुटली). मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली, दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत, एकेक कमी करत ८ पर्यंत. ओळी १५, ठिपके १६९. म्हणजे १३ चा वर्ग! एक ठिपका हलला की शेवटी रेघ जुळत नाही, आणि कुठे हललं ते पोरीला स्वतःच शोधावं लागतं. हे स्टिकर शिकवणार आहे?

सुनेला नोकरी आहे, मान्य. मग मुलानं बसावं उकिडवं! रांगोळीतून हुबेहूब माणसं उभी करणारे गुणवंत मांजरेकर पुरुषच ना? आमच्याकडे नातू काढतो. त्याचं कमळ पानकोबीसारखं दिसतं. पण दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा काढतो.

असो. यंदा फराळाला बोलावणाऱ्यांनी ऐकून ठेवा. आधी दारातल्या रांगोळीवर बोट फिरवून बघणार आहे. पुसली गेली तरच आत येईन.