परसबाग आणि प्रभाग

2019 च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या जिल्ह्यातून, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून, शिवसेनेचे सहा आमदार निवडून आले. जून 2022 मध्ये त्यांतले पाच जण एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. ज्यांनी त्यांना मतं दिली होती त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ज्यांनी विरोधात दिली होती त्यांच्याही मताचा अर्थ काही दिवसांत बदलून गेला. महापालिकेची गत याहून वाईट. एप्रिल 2015 मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढचं मतदान थेट जानेवारी 2026 मध्ये झालं. मधली जवळजवळ सहा वर्षं शहराला नगरसेवक नव्हते. नळाला पाणी का आलं नाही हे विचारायला कुणाच्या दारात जायचं, हा प्रश्न सिडकोतल्या निवृत्त शिक्षकालाही पडला आणि सातारा-देवळाईत टँकरची वाट पाहणाऱ्या बाईलाही.

अशा शहरात कुणी म्हणालं, 'राजकारणाचं नाव काढू नका, मी गच्चीवर वांगी लावतो', तर त्याला पळपुटा म्हणण्याची घाई करू नये. तो थकला आहे आणि थकण्याची कारणं खरी आहेत. शहराच्या नावावर तीस-पस्तीस वर्षं भाषणं झाली, फेब्रुवारी 2023 मध्ये नाव बदललंही. पण त्या सगळ्या वर्षांत नळाला रोज पाणी यायला लागलं नाही. जायकवाडीचा नाथसागर पैठणला, शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर. नवी पाणीयोजना 2019 मध्ये मंजूर झाली तेव्हा 1,680 कोटींची होती, पुढे ती 2,740 कोटींवर गेली. याउलट मेथी पेरली की चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात ताटात येते. केल्याचं फळ डोळ्यांसमोर दिसणं ही माणसाची साधी भूक आहे. सार्वजनिक जीवनाने ती भागवली नाही तर माणूस ती दुसरीकडे भागवणार.

परसबागेच्या बाजूचं म्हणणं इथवर मला पूर्ण मान्य आहे. त्यात आणखी भर घालता येईल. घोळ, तांदुळजा, चुका, अंबाडी या मराठवाड्याच्या भाज्या जाधववाडीच्या बाजारात कमी आणि ज्यांच्या घरी आजी आहे त्यांच्या कुंड्यांत जास्त सापडतात. शेवगा आणि कढीपत्ता एकदा रुजले की फारसं काही मागत नाहीत. मुलांना भाजी कशी वाढते ते कळतं. संध्याकाळी तासभर हात मातीत घातलेला माणूस घरच्यांशी बरा बोलतो, हेही अनेक घरांत दिसतं.

प्रश्न परसबागेने घर 'स्वयंपूर्ण' होतं, या दाव्यापाशी सुरू होतो. हिशेब मांडून पाहू. चार माणसांच्या घराला दिवसाला साधारण किलोभर भाजी लागते. दहा चौरस मीटरच्या वाफ्यांतून, मन लावून केलं तर, आठवड्याला दोन-तीन किलो निघेल. म्हणजे निम्म्याहून कमी भाजी, आणि धान्य, डाळ, तेल अजून दूरच. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पाच माणसांच्या कुटुंबासाठी दहा गुंठ्यांचा विचार मांडला. दहा गुंठे म्हणजे पाव एकर, जवळजवळ अकरा हजार चौरस फूट. शहरातली बरीशी गच्ची सहाशे चौरस फुटांची असते. दाभोलकरांचा आकडाही पाणी, सेंद्रिय खत आणि रोजची बारकाईची नजर गृहीत धरणारा होता, आणि ती नजर एकट्याची नव्हती. शेतकरी एकमेकांना पत्रं लिहायचे, भेटायचे, काय साधलं आणि काय फसलं ते सांगायचे. प्रयोग परिवार या नावातला 'परिवार' हा शब्द शोभेसाठी नव्हता.

मग कुणी म्हणतं, दौलताबादकडे किंवा खुलताबादच्या वाटेवर थोडी जमीन घेऊ. इथे पहिल्याच पावलाला राजकारण आडवं येतं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. तो डावलून पाडलेल्या प्लॉटांतून या शहराच्या कितीतरी वसाहती उभ्या राहिल्या; गुंठेवारी म्हटलं की इथल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. ज्याच्या नावावर वडिलांचा सातबारा आहे त्याला माघार घेणं सोपं. वाळूजमध्ये भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कामगाराला गच्चीही नाही आणि गावाकडे हिश्शाला आलेली जमीनही बहुधा कोरडवाहू. राजकारणातून निवृत्त होण्याची सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही, याची जाणीव बागेची माती कालवतानाही असावी.

पाण्याचा हिशेब त्याहून बोलका आहे. दहा चौरस मीटर वाफ्यांना उन्हाळ्यात दिवसाला पन्नास लिटर तरी लागतात. ज्या वसाहतीत नळ आठवड्याने येतो तिथे हे पाणी पिण्याच्या ड्रममधूनच जातं, किंवा मग भांडी-भाजी धुतलेलं पाणी गाळून द्यावं लागतं. पण वर आभाळाकडेही पाहावं. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सहाशे फुटांच्या गच्चीवर तो पडला तर सुमारे 39,000 लिटर पाणी होतं. गळती, बाष्पीभवन वजा करून तीस हजार तरी हाती यावं. आठ कोरड्या महिन्यांना बागेला बारा हजार पुरतात. पाणी आहे, ते साठवायला जमिनीखाली टाकी हवी, नाहीतर बोअरचं पुनर्भरण हवं. एकाने पुनर्भरण केलं तर त्याचं पाणी शेजाऱ्याच्या बोअरला लागतं, आणि शेजाऱ्याने खोल बोअर मारली की याची आटते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहर बांधली ती याच कारणासाठी: इथल्या खडकात प्रत्येकाने आपापलं पाणी शोधायचं म्हटलं तर ते पुरत नाही.

खताची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपण विसरत चाललो आहोत. नारेगावच्या डेपोवर शहराचा कचरा तीस-चाळीस वर्षं पडत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव, मांडकी परिसरातल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. त्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं होतं, धुराने श्वास घेणं कठीण झालं होतं, आणि दिलेली आश्वासनं मोडली गेली होती. शहरात चौकाचौकांत ढीग साचले. 7 मार्चला मिटमिट्याला कचरा टाकण्यावरून दगडफेक आणि लाठीमार झाला. पुढे पोलिस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं. त्या दिवसांत ओला-सुका वेगळा करणं शहराने नाइलाजाने शिकायला घेतलं, गल्लोगल्ली खड्डे खणले गेले आणि कित्येक घरांत पहिल्यांदा कंपोस्टचा डबा आला. आज गच्चीवरच्या ज्या काळ्याभोर खताचा आपल्याला अभिमान वाटतो, त्यामागे नारेगावच्या माणसांनी रस्त्यावर बसून दिलेला नकार आहे. तो पुरता राजकीय नकार होता. त्यांनी तेव्हा 'आपण बरं नि आपलं शेत बरं' म्हटलं असतं, तर आपल्यापैकी बहुतेकांचं भाजीचं देठ अजून त्यांच्याच शिवारात जळत असतं.

महाराष्ट्रात मातीकडे वळलेली मोठी माणसं पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. 1950 मध्ये विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाचा व्यवहार टाळायचा, बैलांशिवाय कुदळ-फावड्याने ऋषिशेती करायची, विहीर स्वतः खणायची. स्वातंत्र्यानंतरच्या सत्तेच्या राजकारणाबद्दल त्यांच्या मनात जो अविश्वास होता, त्याला हे उत्तर होतं, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे दिलं. पण मार्च 1951 मध्ये ते शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी पहिली जमीन मिळाली. पुढची तेरा वर्षं ते चालत होते. भूदानाच्या फलिताबद्दल मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. दान दिलेली पुष्कळ जमीन कसण्याजोगी नव्हती. तरी कुदळ हाती घेतलेल्या माणसाला जमीन कुणाची, हा प्रश्न टाळता आला नाही.

शरद जोशींची वाट अगदी वेगळी. स्वित्झर्लंडमधली, बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते परतले आणि 1977 मध्ये चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेती तोट्यात का जाते, याचा हिशेब त्यांना स्वतःच्या शेतात मांडता आला. तिथून चाकणचं कांदा आंदोलन आणि शेतकरी संघटना उभी राहिली. विनोबा आणि जोशी यांचं एकमेकांशी फारसं पटलं नसतं. एक भाव आणि बाजार यांच्या पलीकडे पाहणारा, दुसरा शेतमालाच्या भावासाठीच रस्त्यावर उतरणारा. मात्र दोघांनाही जमिनीनेच लोकांत परत आणलं.

याविरुद्ध एक वजनदार मुद्दा आहे आणि तो झटकून टाकणं बरोबर नाही. प्रत्येकाने विनोबा किंवा जोशी व्हावं ही अपेक्षाच जुलमी आहे. आयुष्यभर शाळा, बँक, कारखाना केलेल्या माणसाला शेवटची वर्षं टोमॅटो आणि दोडक्यांत घालवायची असतील तर तो त्याचा हक्क आहे. सतत रागात राहिलेले नागरिक लोकशाहीला मजबूत करतात, असंही दिसलेलं नाही; उलट तोच राग भडकवून मतं गोळा केली जातात आणि या शहराने त्याची किंमत दंगलींतून मोजली आहे. चिडलेल्या माणसापेक्षा शांत झालेला शेजारी जास्त उपयोगाचा. म्हणून बातम्यांचा गोंगाट बंद करणाऱ्याला मी दोष देत नाही. पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला तर नाहीच. मात्र पक्ष सोडणं वेगळं आणि प्रभाग सोडणं वेगळं.

मराठवाड्यातल्या बायकांनी यातला मधला मार्ग कधीच शोधला आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या एक एकर शेतीच्या कामात धाराशिव, लातूर भागातल्या बायकांनी सासरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला आणि तिथे सोयाबीन-उसाऐवजी घरात खायची धान्यं, डाळी, भाज्या घेतल्या. 2016 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. दुष्काळाच्या वर्षांत घरात धान्य राहिलं, ही मोठी गोष्ट. त्याहून मोठी ही की त्या एकरात काय पेरायचं हे तिने ठरवलं. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईने नवऱ्याकडून, सासऱ्याकडून जमिनीचा तुकडा मागणं, हे घरातलं राजकारण आहे आणि ते तिने निभावलं. शहरातल्या स्वयंपूर्णतेच्या गप्पांत ड्रममधून बादल्या गच्चीवर कोण चढवतं, हे विचारावं. बऱ्याच घरांत उत्तर तेच येईल.

वाळूजजवळच्या पाटोद्याचंही नाव घ्यायला हवं. भास्करराव पेरे पाटलांच्या काळात पूर्ण कर भरणाऱ्याला गिरणीचं दळण मोफत, गावात फळझाडं, पाण्याची आणि स्वच्छतेची चोख व्यवस्था असं गाव उभं राहिलं. 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत त्यांच्या मुलीचा पराभव झाला. चांगलं काम करूनही हरता येतं, हे पाहून खचायला होतं खरं. पण गिरणी आणि झाडं गावाची झाली होती, एका घराची नव्हती.

आता महापालिकेत पुन्हा निवडलेलं सभागृह आहे. परसबाग करणाऱ्यांनी तिथे नेमकं काय मागावं? वसाहतींच्या लेआउटमधल्या मोकळ्या जागा बहुधा कुलूपबंद किंवा कचऱ्याने भरलेल्या असतात. ज्यांना गच्ची नाही अशा भाडेकरूंना त्यांतल्या काही वाफ्यांसाठी मिळाव्यात. चिकलठाणा, पडेगावच्या प्रक्रिया केंद्रांतलं खत तपासून, त्याचा अहवाल लावून वॉर्डात विकलं जावं. कांचनवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी झाडांना आणि चाऱ्याला द्यावं, कच्च्या खायच्या पालेभाज्यांना नको. जमिनीखालची टाकी किंवा बोअर पुनर्भरण करणाऱ्या जुन्या घरांना पाणीपट्टीत सवलत मिळावी. आणि महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद असूनही ती शहरांत भरत नाही. आपल्या प्रभागातली पहिली क्षेत्रसभा कोणत्या तारखेला, हे नव्या नगरसेवकाकडून लेखी घ्यावं.