कपाटातल्या पुस्तकांची उलाढाल

नवे पुस्तक घरात आले की त्याचे कोडकौतुक दोन दिवस चालते. पहिल्या पानावर नाव, गाव, तारीख घातली जाते, खाकी कव्हर चढते आणि तिसऱ्या दिवशी ते काचेच्या कपाटात जाऊन बसते. अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी घरांत अशी कपाटे आहेत. त्यांत दरवर्षी भर पडते, ही आनंदाचीच गोष्ट. प्रश्न एवढाच, की आत गेलेले पुस्तक पुन्हा बाहेर येते काय?

बँकेत ज्या खात्यावर ग्राहकाने दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार केलेला नसतो, ते निष्क्रिय ठरते. रक्कम शाबूत असते, पण तिचा कोणाला उपयोग नसतो. हाच नियम घरच्या संग्रहाला लावून पाहावा. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रे सांगितली. त्यांतले पहिलेच सूत्र असे, की ग्रंथ उपयोगासाठी असतात.

याची साक्ष आपल्याच मातीत आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. तरी ग्रंथ उरला, तो महानुभावांनी स्मरणातून पुन्हा लिहून काढला आणि त्याच्या प्रती केल्या म्हणून. पेटीने राखला नाही, तो वाचकांनी राखला. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. पण दर्जा सरकार देते. वाचक घराघरांतच घडवावे लागतात.

उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 ची. वऱ्हाडी बोली कादंबरीत किती ताकदीने उभी राहते, ते तिने दाखवून दिले. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या संग्रहात या वर्षी आलेल्या दहा पुस्तकांत असे आपल्या मुलखाचे एक तरी आहे काय? आणि असलेच, तर घरातल्या नातवंडांनी ते हाती घेतले काय?

पुस्तक दिले की परत येत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि खोटीही नाही. त्यावर उपाय साधा आहे. शंभर पानी वही घालावी. पुस्तक कोणाला, कधी दिले ते लिहावे आणि महिन्याने निःसंकोच मागावे. तरीही चार पुस्तके बुडतील. पण ती कोणाच्या तरी घरी वाचली जातील. मालकामागे संग्रह रद्दीच्या तराजूत पडतो, तेव्हा मात्र सगळाच बुडतो.

म्हणून दुसरी नोंदही आताच करावी. आपल्यामागे ही पुस्तके कोणत्या वाचनालयाला द्यायची, ते घरच्यांना सांगून, त्याच वहीत लिहून ठेवावे. मात्र त्या वाचनालयाला ती हवीत काय, हे आधी विचारावे. नको असलेल्या पुस्तकांचे ओझे कोणावर टाकू नये. आणि तिथवर वाट तरी कशाला पाहायची? नवे पुस्तक वाचून झाले, की कपाटाला कुलूप लावण्याआधी शेजारचे दार वाजवावे.