वारीला दुर्बिणीचा दाखला कशाला?

माउलींची पालखी लोणंद मुक्कामी असताना या आठवड्यात एक जुना संदेश पुन्हा मोबाइलवर फिरू लागला: ‘के२-१८ बी’वरची जीवसृष्टी आपल्या पुराणांत आधीच सांगितली आहे. मुळात १२४ प्रकाशवर्षांवरच्या या ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी निगडित वायूच्या खुणा दिसल्याचं केंब्रिजच्या चमूने एप्रिल २०२५मध्ये सांगितलं, तेव्हाच आणखी निरीक्षणं हवीत असंही बजावलं होतं. शास्त्रज्ञांनाच जे अजून पक्कं म्हणता येत नाही, त्याच्या आधारावर श्रद्धा उभी करणं धोक्याचं आहे. उद्या ती खूण खोटी ठरली, तर मग पुराणंही खोटी म्हणायची का?

याउलट डॉ. जयंत नारळीकरांचं उदाहरण पाहा. सूक्ष्मजीव अवकाशातून पृथ्वीवर येत असावेत, ही त्यांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांची कल्पना. ती तपासायला नारळीकरांच्या पुढाकाराने एप्रिल २००५मध्ये हैदराबादहून इस्रोचा बलून सोडला गेला. निर्जंतुक, निर्वात केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये गार ठेवून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून आणली. तपासणीत जीवाणूंच्या १२ वसाहती मिळाल्या, त्यांत तीन प्रजाती पूर्वी कधीच न आढळलेल्या. एकीला हॉइल यांचं नाव दिलं. तरीही हे जीवाणू परग्रहावरचेच, हे निर्विवाद सिद्ध होत नाही, असं जाहीर निवेदनात स्पष्ट लिहिलं गेलं. गुरूची कल्पना आणि हाती नव्या प्रजाती, एवढं असूनही राखलेला हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

परग्रहावर खरंच जीव सापडला तर श्रद्धेचं काय, असं काही जण विचारतात. विठ्ठलाला अनंतकोटी ब्रह्मांडांचा नायक म्हणणाऱ्या वारकऱ्याचं त्याने काहीच बिघडत नाही. परंपरेला खगोलशास्त्र ठाऊक होतं, असा याचा अर्थ नाही; तिच्या देवाला पृथ्वीची वेस नाही, एवढाच. ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न अवघड आहे, कारण तिथे देवाने मानवाचा देह एकदाच धारण केला. तरीही व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर फ्युनेस यांनी २००८मध्ये परग्रहवासीयाला बंधू म्हणायची तयारी दाखवली. दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा: पुराव्याविना मानायचं, तर वारी आणि फलज्योतिष यांत फरक काय? फरक दाव्याचा आहे. पत्रिकेवरून मुलाची बुद्धी कळते, हा दावा आहे. म्हणून नारळीकर आणि डॉ. दाभोलकर यांनी २००८मध्ये तो तपासला आणि २७ ज्योतिषांची उत्तरं सरासरी ४६ टक्केच बरोबर निघाली, म्हणजे नाणेफेकीइतकीही नाहीत. नीरास्नान उरकून लोणंदला आलेला वारकरी असलं कोणतंच भाकीत करत नाही, त्यामुळे त्याच्या नामस्मरणाला कोणी परीक्षेला बसवू नये. पण ग्रहाचं नाव घेऊन पुराणांना पुढे करणाऱ्याने मात्र परीक्षेची तयारी ठेवावी. तिथे भक्तीची ढाल चालणार नाही.