‘फोटोवाला’ म्हणण्याआधी



इथे सगळे आपापल्या नोकरीच्या आठवणी लिहितात. मीही बी.कॉम. होऊन १९७२ ला बँकेत लागलो, २९ वर्षं काढली. पण आज आभार मानायचेत ते दुसऱ्याच कामाचे. आणि थोडं भांडायचंही आहे.

परवा आपल्या बडोद्यातल्याच एका लग्नाला गेलो होतो. फोटो काढणारी दोन पोरं सकाळी सातपासून उभी. पंगती उठल्या तरी त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. "फोटोवाल्यांचं शेवटी बघू." शेवटी म्हणजे साडेतीनला, गार वरण-भात. हॉलचे आणि केटररचे पैसे आपण मुकाट मोजतो, आणि फोटोच्या बिलात दोन हजारांसाठी घासाघीस करतो. हे आपले सुशिक्षित मराठी लोक!

मी स्वतः याहून वाईट वागलोय. १९८६ साली दांडिया बाजारातला एक तरुण कॅमेरा आणि फ्लॅशसाठी कर्ज मागायला माझ्या टेबलाशी आला. मी शेरा मारला, "धंदा हंगामी, उत्पन्नाची खात्री नाही." कर्ज नामंजूर. त्यानं बायकोच्या पाटल्या मोडून कॅमेरा घेतला, हे मला फार नंतर कळलं.

२००१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, त्यात मी घरी बसलो. वय ५१. सहा महिन्यांत सौ. वैतागली. पुतणीच्या लग्नात फोटो काढायला आला तो नेमका तोच माणूस. त्याचा मदतनीस आला नव्हता. म्हणाला, "साहेब, जरा फ्लॅश धरता का?" धरला. पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा बोलावलं. १९८६ चा विषय त्यानं कधी काढला नाही. मीच एकदा काढला, तर हसून म्हणाला, "साहेब, तेव्हा मलाही खात्री नव्हती."

तेव्हा रोलचे दिवस. एका रोलमध्ये ३६ फोटो. त्यानं शिकवलं, "अंतरपाट खाली येताना सगळे नवरा-नवरीकडे बघतात. तुम्ही एक नजर मुलीच्या आईकडे ठेवा." बँकेत चुकलेली एंट्री उलटवता येते, अंतरपाट पुन्हा धरता येत नाही. नोकरीत माझे हात कधी कापले नाहीत, ते तिथे कापले. पुढे स्वतःची कामं घेतली. मराठी लग्नातली कानपिळी, गुजराती लग्नातला हस्तमेळाप, दोन्ही केलं. डिसेंबरमध्ये कमुरतं लागली की उत्तरायणापर्यंत सुट्टी. माझ्या वहीत २०१९ पर्यंत ३१२ लग्नं आहेत. कितीतरी घरांत आजोबांच्या हार घातलेल्या फोटोखाली कोपऱ्यात माझं नाव आहे. बँकेतली माझी सही आज कोण जपून ठेवतं?

कुणी म्हणेल, "काका, तुम्हाला पेन्शन होती म्हणून जमलं." कबूल, शंभर टक्के. म्हणून तर म्हणतो, ज्याला पेन्शन नाही आणि जो चार महिन्यांच्या हंगामावर वर्षभर घर चालवतो, त्याला मान जास्त द्यायला हवा.

आणि हे बडोदं आहे. इथल्या कलाभवनात दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला होता, 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, म्हणजे कितीतरी नंतरचा. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला शेवटची कितीतरी वर्षं याच गावात साधेपणानं राहिल्या. २०११ ला पद्मविभूषण मिळालं तेव्हा आपल्यापैकी कितींना ठाऊक होतं त्या इथेच असतात?

आज माझी नात म्हणते, "आजोबा, मला फोटोग्राफीच करायची आहे." घरात उत्तर तयार, "आधी बी.कॉम. कर, मग छंद म्हणून कर." १९८६ चा माझाच शेरा माझ्या घरात फिरतोय. मी तिच्या बाजूनं उभा आहे, आणि सध्या घरात एकटा पडलोय.

तर मंडळी, एवढं करा. फोटो काढणाऱ्याला पहिल्या पंगतीत नाही तर निदान दुसऱ्या पंगतीत बसवा. ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्या. पोरं हे काम करू म्हणाली तर लगेच नाही म्हणू नका.

ज्यानं मला फ्लॅश धरायला दिला तो आता नाही. त्याचे आभार तोंडावर मानायचे राहून गेले, म्हणून इथे मानतो.